भाचीला 'माणूस शिकतो कसा' हे शिकायचंय, घरात वाद पेटलाय

लातूरचा मामा
भाची नांदेडला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या कंपनीत निवड झालीय. आणि ही म्हणायलीय, नोकरी नको, न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवर संगणकात थराथरानं बांधलेलं, उदाहरणांतून शिकणारं जाळं) आणि मन दोन्ही मिळून शिकायचंय. आधी एम.एस्सी., मग पीएच.डी. भाऊजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. "संगणकवाल्या पोरीला मानसशास्त्र कशाला?" एवढंच विचारतात.

मी भाचीच्या बाजूनं आहे. न्यूरल नेटवर्कवरच्या कामासाठी 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत मिळालेले जेफ्री हिंटन घ्या. पहिली पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची, केंब्रिज, 1970. मग काही काळ सुतारकाम, मग एडिनबराला पीएच.डी. तेव्हा न्यूरल नेटवर्क म्हटलं की लोक तोंड फिरवायचे, कारण एका थराच्या पर्सेप्ट्रॉनला, म्हणजे तसल्या सगळ्यात साध्या जाळ्याला, काय जमत नाही हे मिन्स्की आणि पेपर्ट यांनी 1969 मध्ये गणितानं दाखवलं होतं. तो पर्सेप्ट्रॉन मांडणारे रोझेनब्लॅटही मानसशास्त्रज्ञच. मनाच्या अभ्यासातूनच हा विषय उगवलाय. तुमचं मत सांगा, तोंडदेखलं नको.

गोदाकाठ
मामा, राग मानू नका, पण हिंटन यांचा दाखला पोरीपुढं ठेवू नका. ज्यांच्या नावानं बूलियन बीजगणित आहे त्या जॉर्ज बूल यांचे ते खापरपणतू. विद्या घरातच होती. उत्तरातली चूक थराथरातून मागं नेत जोडण्यांची वजनं (कुठल्या जोडणीला किती महत्त्व) सुधारायची पद्धत, म्हणजे बॅकप्रोपगेशन, त्यांनी रूमेलहार्ट आणि विल्यम्स यांच्यासोबत 1986 मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. जगाला पटलं 2012 मध्ये. मधे 26 वर्षं गेली. आपल्या घरात कर्जाचा हप्ता महिनाभर थांबत नाही. माझ्या पुतण्याची फेलोशिप सात महिने अडकली होती. मेसचे पैसे सोयाबीन विकून पाठवले, तेही भाव पडलेला असताना. पोरगं फोनवर बोलायचं बंद झालं होतं. ते मी विसरू शकत नाही.

अंबाजोगाईची सून
पुतण्याचं वाचून वाईट वाटलं. पण ती 26 वर्षं हिंटन बिनपगारी नव्हते, 1987 पासून बहुतेक काळ टोरंटोत प्राध्यापक होते. आपल्याकडंही पीएच.डी.साठीच्या नेट-जेआरएफ फेलोशिपला 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत. शिवाय हैदराबाद विद्यापीठात न्यूरल आणि कॉग्निटिव्ह सायन्सचं स्वतंत्र केंद्र आहे. नांदेडच्या पोरीला हैदराबाद काही परकं नाही, आपल्या आजोबांच्या जमिनीचे कागद अजून उर्दूतच सापडतात.

परभणीकर, सध्या पुणे
पैशाचं बाजूला ठेवू. मी हेच काम करतो म्हणून सांगतो, मनाचा अभ्यास आता लागत नाही. 2012 च्या इमेजनेट या संगणकानं चित्रं ओळखायच्या स्पर्धेत हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या जाळ्यानं चुकीचं प्रमाण 15 टक्क्यांवर आणलं, दुसऱ्या क्रमांकाचं 26 होतं. कशाच्या जोरावर? बारा लाख चित्रं आणि गेम खेळायची दोन ग्राफिक्स कार्डं. मेंदूत बॅकप्रोपगेशन चालतं याचा पुरावा नाही. खुद्द हिंटन यांनीच 2022 मध्ये वेगळी पद्धत सुचवून पाहिली. पोरीनं गणित आणि संख्याशास्त्र पक्कं करावं.

लातूरचा मामा
पण त्या जाळ्याची घडण आली कुठून? ह्युबेल आणि विझेल यांनी मांजराच्या मेंदूत पाहिलं की काही पेशी ठरावीक कलाच्या रेघेलाच जाग्या होतात. त्यावरून फुकुशिमा यांनी 1980 मध्ये थरांचं जाळं बांधलं. तुमचं चित्रं ओळखणारं जाळं त्याच वाटेनं आलं.

अंबाजोगाईची सून
माझी मुलगी अडीच वर्षांची असताना नीट 'आजोबा गेले' म्हणायची. एक दिवस म्हणाली, "आजोबा शेतात जाले." मग 'आले'चं 'येले' झालं. सासूबाई म्हणाल्या, हिला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. 'बस'चं 'बसले', 'पळ'चं 'पळाले', तसं 'जा'चं 'जाले'. नियम तिनं स्वतः काढला होता! काही महिन्यांनी 'गेले' परत आलं. मी त्या दिवशी भाकरी तव्यावर तशीच सोडून ऐकत राहिले.

इंग्रजी मुलंही हेच करतात. रूमेलहार्ट आणि मॅक्लेलँड, दोघंही मानसशास्त्रज्ञ. 1986 मध्ये त्यांनी एका जाळ्याला 420 इंग्रजी क्रियापदांचे भूतकाळ शिकवले, तर त्यानंही आधी बरोबर, मग 'जाले'सारखं, मग पुन्हा बरोबर अशीच वाट धरली. नियम कुणी लिहून दिला नव्हता.

परभणीकर, सध्या पुणे
तेच काम 1988 मध्ये मानसशास्त्रज्ञ पिंकर आणि भाषाशास्त्रज्ञ प्रिन्स यांनी उभं-आडवं तपासलं. त्या जाळ्याला आधी 10 क्रियापदं दिली, मग एकदम 410 ओतली. चुका त्या ओतण्यातून आल्या, मुलांना कुणी असं शिकवत नाही.

अंबाजोगाईची सून
बरोबर आहे. पण ही खोट सापडली कुणाला? मुलं कशी बोलतात याचा हिशेब ज्यांच्यापाशी होता त्यांना. आजची यंत्रं लेकराच्या कितीतरी पट मजकूर वाचून बोलायलीत. लेकराला एवढ्या थोडक्यात कसं जमतं, हे गणितवाल्यानं एकट्यानं सांगावं की.

परभणीकर, सध्या पुणे
हा प्रश्न खरा आहे, मानतो. तरी कंपनीत त्याला जागा नाही, हेही पोरीला माहीत असू द्या.

गोदाकाठ
मी अजून तिथंच आहे. दोन वर्षं नोकरी, हप्ते फेडा, मग जा. विषय कुठं पळून जात नाही.

लातूरचा मामा
दोन वर्षांनी पुण्याच्या पगारातून उठणारे मी फार पाहिले नाहीत, त्याचीच भीती वाटते. शनिवारी नांदेडला चाललोय. आधी बँकेत जाऊन पुढं शिकली तर हप्ता लांबतो का ते विचारतो, मग भाऊजींपुढं बसतो. सूनबाई, ते 'जाले'चं तेवढं त्यांना सांगू का? त्यांचा नातूही सध्या तसंच बोलायलाय.