ते अडखळणंच तर गोड आहे

'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' या जुन्या अमेरिकन टीव्ही-कार्टूनमधली मुलं अडखळत बोलतात, आवाज कच्चे वाटतात, अशी एकाची तक्रार वाचली. अडखळतात हे खरं, पण माझा जीव त्यातच अडकलाय. १९६५ साली, हे आलं तेव्हा, कार्टूनमधल्या मुलांचे आवाज बहुतेक वेळा मोठी माणसंच काढायची. इथे मात्र खरीखुरी पोरं घेतली. चार्लीच्या धाकट्या बहिणीला, सॅलीला, आवाज देणारी मुलगी तर इतकी लहान, की तिला अजून वाचताही येत नव्हतं. मग एकेक तुकडा सांगायचा, तिने तो मागून म्हणायचा आणि नंतर ते तुकडे जोडायचे. म्हणून तिची वाक्यं अशी थांबत थांबत येतात.

आणि चार्लीचा मित्र लायनस, त्याचा प्रसंग पुन्हा नीट बघा. रंगमंचावर एकटा उभा राहून तो येशूजन्माची गोष्ट सांगतो. एरवी क्षणभरही न सुटणारं त्याचं ते पांघरूण, 'भिऊ नका' म्हणताना हातातून अलगद खाली पडतं. इतकी वर्षं बघूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, लेकीने बोट ठेवून दाखवलं. त्या जागी संगीत नाही, मागून सोडलेला हशा नाही. नुसता त्या पोराचा आवाज.