ज्याचा कागद नाही, त्याचा प्रवास लिहूच नये?

बोरूबहाद्दर
'सध्या काय वाचताय' धाग्यावर परवा दप्तरी यांनी अमिताव घोषांच्या आयबिस त्रयीला (अफूचा व्यापार आणि 'आयबिस' जहाजातून मॉरिशसला गेलेले मजूर यांवरच्या तीन इंग्रजी कादंबऱ्या) एका फटक्यात निकालात काढलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्यांच्याबद्दल कागद नाही अशा माणसांचे समुद्रप्रवास मनानं रचायचे आणि त्याला 'ऐतिहासिक' म्हणायचं ही लबाडी आहे, आणि वर निम्मं पुस्तक शब्दकोश. उत्तर लांबलं म्हणून इथे टाकतोय.

कागद आहे हो, भरपूर आहे. १८३३ मध्ये गुलामी बंद करायचा कायदा झाला, मॉरिशसच्या ऊसमळ्यांना माणसं हवी होती, आणि २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' जहाजानं कलकत्त्याहून ३६ मजूर तिथे उतरवले. पुढे लाखो गेले. मॉरिशसमधल्या मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची रजिस्टरं आहेत. नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. व्रण कुठल्या हाताला तेही सापडेल. काळं पाणी ओलांडताना त्या माणसाच्या पोटात काय कालवलं, ते मात्र कुठल्या रकान्यात लिहायचं होतं?

तिथे कादंबरीकार लागतो. पहिल्या भागातली दीती, पुढे मजूर म्हणून मॉरिशसला जाणारी, अफूच्या फुलांच्या पाकळ्या मातीच्या तव्यावर दाबून त्यांच्या पातळ पोळ्या करते. त्या गाझीपूरच्या कारखान्यात जातात, अफूचे गोळे गुंडाळायला. नवरा कारखान्यात कोसळतो तेव्हा ती त्याला आणायला आत शिरते. ती पानं वाचा आणि मग लबाडी म्हणा.

दप्तरी
माझं अर्धंच वाक्य उचललंत, सवयच आहे इथे. रजिस्टरं मला ठाऊक आहेत. पण दीती गंगेत उभी असताना तिला समुद्रावरचं उंच डोलकाठीचं जहाज दिसतं, शेकडो मैल आत बिहारकडे! हे कोणत्या रजिस्टरात आहे? आणि पहिल्या भागाच्या शेवटी जहाज वादळात सोडून हे गृहस्थ दुसऱ्या भागात चीनमधल्या कँटनला निघून जातात. दीती बसली मॉरिशसला वाट बघत.

प्रवास वाचायचा तर गोडसे भटजींचा वाचा. वरसईचा भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेला आणि सत्तावनच्या धामधुमीत झाशीत सापडला. डोळ्यांनी पाहिलं, हातानं लिहिलं. यात 'सुचलं' वगैरे काही नाही.

बोरूबहाद्दर
गोडसे भटजींना दंडवत. पण त्यांनीही ते परत आल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलं, आणि छापून आलं १९०७ ला. म्हणजे आठवणीवर तुमचा भरवसा आहे, कल्पनेवर नाही. शिवाय भटजींना लिहिता येत होतं. दीतीला येत नव्हतं. तिनं भिंतीवर चित्रं काढली. तुमच्या नियमानं ज्याला अक्षर येतं त्यानंच प्रवास केला, बाकीचे घरी बसले.

वाचस्पती_ठाणे
मुळात इंग्रजीत लिहिणाऱ्या घोषांना ज्ञानपीठ दिलं तिथेच सगळं फिसकटलं. २०१८ नंतर मी त्या पुरस्काराकडे बघणंच सोडलं.

बोरूबहाद्दर
त्याचा इथे काय संबंध? नवा धागा काढा.

दर्यावर्दी
शब्दकोशाचं रडगाणं मला कळलं नाही. खलाशांच्या नायकांना सारंग, तांडेल आमच्या बंदरावर आजही म्हणतात. पुण्याच्या लोकांना अडलं तर अडो.

माझे आजोबा बोटीवर कोळसा टाकायचे. घरी आल्यावर लिव्हरपूलबद्दल चकार शब्द नाही. सांगायचे ते एवढंच, की बोटीवरच्या भंडाऱ्यानं कालवणात मीठ कमी टाकलं आणि ते भांडण एडनपर्यंत चाललं. कोणत्या इतिहासात आहे हे? घोषांच्या खलाशांची भांडणं वाचताना मला आजोबा ऐकू येतात. पुरावा नाही माझ्याकडे, दप्तरीसाहेब, घ्या काय करायचं ते.

गिरगावकर_मूळचा
सगळे मॉरिशसला गेलात, आपल्या दाराशी बघा की. दुसऱ्या भागाचा नायक बहराम मोदी मुंबईचा पारशी, जहाजभर अफू घेऊन कँटनला गेलेला. ती अफू बंगालची नव्हे, माळव्याची. माळवा कोणाचा? शिंदे-होळकरांचा! शाळेत माळवा शिकलो तो तलवारीचा. तिथल्या शेतात काय पिकत होतं ते कुणी सांगितलं नाही. सर जमशेटजी जीजीभॉयांचा पैसा चीनच्या व्यापारातला, त्यात अफू मोठी. आपण त्यांच्या इस्पितळात जन्मतो आणि त्यांच्या आर्ट स्कूलात चित्रं शिकतो.

रणझुंजार
आलं का! विषय कादंबरीचा, घसरले मराठी सरदारांवर. अफूचा धंदा कंपनीचा. शिंदे-होळकरांना त्यात ओढायची तुमची खाज कधी जाणार? तो बंगाली लेखक काही लिहील, तुम्ही टाळ्या पिटा.

गिरगावकर_मूळचा
जरा श्वास घ्या. लेखकानं शिंद्यांबद्दल काही म्हटलेलं नाही, मी म्हटलं. आणि माळव्याची अफू कंपनीच्या मक्त्याबाहेरची होती, हीच तर गंमत आहे. कंपनीनं ती आवळायचा प्रयत्न केला, तेव्हा माल राजस्थान-सिंधमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जायला लागला. शेवटी कंपनीनं हात टेकले आणि दस्तुरी घेऊन मुंबईतून जाऊ द्यायचं ठरवलं. वाळवंटातून उंटांवर अफू! प्रवासाची कादंबरी हवी तर हीच लिहा कोणीतरी.

रणझुंजार
म्हणजे कंपनीला शह दिला ना? मग अभिमानच वाटायला हवा.

दर्यावर्दी
हो, चीनमधल्या चिलीमवाल्यालाही विचारून घ्या अभिमानाचं.

रणझुंजार
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

गिरगावकर_मूळचा
अजून एक ऐका, अभिमान हवाच असेल तर. पहिल्या अफूयुद्धात चीननं गुडघे टेकले तो नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ ला 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर झाला. ते जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८१३ चं, सागवानी, वाडियांच्या हातचं. अफू आपली, लाकूड आपलं, हाँगकाँग इंग्रजांना.

सरोज_ता
कामानिमित्त काही काळ पोर्ट लुईला होते, म्हणून लिहिते. हे मजूर जिथे उतरायचे त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. आपले पर्यटक तिथे दोन मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि 'बीच कुठंय' विचारतात. तिथल्या मराठी लोकांचे पूर्वज मुंबईहून गेलेले, पुष्कळ कोकणातले. गणपतीत झाकरी नाचतात, आपली जाखडीच ती. सार्वजनिक सुट्टी असते चतुर्थीला. एका आजींनी मला विचारलं, 'रत्नागिरी समुद्रापासून लांब का?' त्यांच्या पणज्याच्या कागदावर फक्त जिल्हा लिहिलेला. पुढचं सगळं त्यांनी स्वतः रचलेलं, घर, आंगण, विहीर. माझ्या वाचनात तरी या लोकांवर मराठी कादंबरी आलेली नाही. आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की गड, सनई आणि दरबार. बोटीत बसून उलट्या करणारा मराठी माणूस कुणाला लिहायचाच नाही.

दप्तरी
सरोजताई, आजींचा मुद्दा पोचला. रजिस्टरात गावाची विहीर नसते, मान्य. कादंबरीकारानं विहीर खणावी, हरकत नाही. पण गंगेत उभं राहून जहाज दिसणाऱ्या बाईला मी इतिहास म्हणणार नाही, आणि तिसऱ्या भागात तिला जवळपास गायब करणाऱ्या लेखकाला माफ करणार नाही.

बोरूबहाद्दर
इतिहास म्हणूच नका. मुखपृष्ठावर 'कादंबरी' छापलंय. आणि तिसरा भाग वाचलात म्हणजे! लबाडीची साडेपंधराशे पानं संपवलीत की.

दप्तरी
पैसे देऊन घेतली होती. सोडतो की काय?

रणझुंजार
माळव्याच्या अफूवर वेगळा धागा काढतोय. पुराव्यानिशी या.

गिरगावकर_मूळचा
काढा. दमणपासून सुरू करू.