मराठवाड्यातील निवृत्त सबमरीनरांचे स्नेहसंमेलन: स्वरूप कसे असावे?

परभणीकर (मूळ प्रश्न)

सर्वांना सविनय नमस्कार. मी भारतीय नौदलाच्या पाणबुडी शाखेतून निवृत्त झालो असून आता परभणीत स्थायिक आहे. भूदलातून निवृत्त झालेले जवान आपल्या भागात गावोगावी भेटतात आणि त्यांच्या तालुकावार संघटनाही आहेत, परंतु समुद्रापासून इतक्या दूर पाणबुडीवर नोकरी केलेला माणूस शोधूनच काढावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येता-जाता झालेल्या ओळखींतून छत्रपती संभाजीनगरपासून उदगीरपर्यंतची काही मंडळी आता एकमेकांशी जोडली गेली आहेत. त्यांच्यातील ज्येष्ठांनी सोव्हिएत रशियाहून आलेल्या फॉक्सट्रॉट पाणबुड्यांवर उमेदीची वर्षे काढली आहेत. त्यांची वये पाहता पहिला मेळावा पुढच्या वर्षावर ढकलणे मला योग्य वाटत नाही.

माझ्यापुढचे प्रश्न असे आहेत. मेळावा डिसेंबरात घ्यावा, असे मनात आहे. 4 डिसेंबरला नौदल दिन, 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आणि 8 डिसेंबरला पाणबुडी दिन असतो, कारण 1967 साली त्या दिवशी आपली पहिली पाणबुडी आयएनएस कलवरी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील रीगा येथे नौदलात दाखल झाली. यांपैकी कोणता दिवस घ्यावा? आपल्यातून गेलेल्यांचे स्मरण कोणत्या पद्धतीने करावे? संस्था नोंदवावी की नाही? आणि आम्ही मोजकी माणसे समाजाच्या उपयोगी पडेल असे कोणते काम हाती घेऊ शकतो? रक्तदान शिबिर, वृक्षारोपण या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्या करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आपल्या नोकरीत जे शिकलो त्याचा उपयोग होईल असे काही सुचत असेल तर अवश्य लिहावे.

उदगीरकर

सर, विषय काढलात हे फार चांगले झाले. मी सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांवर होतो. माझे मत असे की मेळावा आणि स्मरण यांचे दिवस वेगळे ठेवावेत. 8 डिसेंबर हा आनंदाचा दिवस आहे. त्या दिवशी गप्पा व्हाव्यात, जेवण व्हावे, छातीवर सबमरीनरचे डॉल्फिनचे चिन्ह पहिल्यांदा लागले त्या दिवसाच्या आठवणी निघाव्यात. स्मरणासाठी मात्र 14 ऑगस्ट घ्यावा. 2013 साली त्या तारखेला मध्यरात्रीनंतर आयएनएस सिंधुरक्षकमध्ये मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट झाले आणि 18 जण गेले. बोट गस्तीवर नव्हती, धक्क्याला लागलेली होती. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन असल्याने गावोगावी ध्वजवंदनाची तयारी चाललेली असते आणि या अठरा जणांची आठवण मागे पडते. आपण ती काढली नाही तर आपल्या भागात दुसरे कोण काढणार?

स्मरणाच्या पद्धतीबद्दलही लिहितो. अमेरिकेतील निवृत्त सबमरीनरांच्या स्थानिक शाखांमध्ये एक प्रथा आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या 52 पाणबुड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर सुमारे 3,500 माणसे गेली. पुढे 1963 मध्ये थ्रेशर 129 जणांसह आणि 1968 मध्ये स्कॉर्पियन 99 जणांसह बुडाली. त्यांच्या सभेत एकेका पाणबुडीचे नाव उच्चारतात आणि प्रत्येक नावानंतर घंटेचा एक टोल देतात. मध्ये कोणी भाषण करत नाही. आपल्याकडे बोटींची अशी लांब यादी नाही, ही ईश्वराची कृपा. म्हणून आपण माणसांची नावे वाचावीत. सिंधुरक्षकचे अठरा जण आणि त्यांच्यानंतर लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार, जे 26 फेब्रुवारी 2014 रोजी आयएनएस सिंधुरत्नमध्ये धुराने भरलेल्या विभागात कर्तव्य करताना गेले आणि ज्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. या वीस नावांनंतर आपल्या मराठवाड्यातले, सेवेत किंवा निवृत्तीनंतर वारलेले सहकारी यावेत. प्रत्येक नाव पूर्ण हुद्द्यासह आणि गावासह वाचावे. हारतुरे, प्रमुख पाहुणे आणि फलक यांना त्या दिवशी अजिबात जागा देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाखाली मूळ कार्यक्रम कसा दबून जातो हे सर्वांनी पाहिले आहे.

जागेसाठी परभणीच सोयीची. नांदेड, जालना आणि संभाजीनगरची मंडळी थेट गाडीने येतील आणि आम्ही लातूरकडचे परळीमार्गे येऊ.

आणखी एक गोष्ट आपल्या नातवंडांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. विशाखापट्टणमच्या ज्या आयएनएस सातवाहनमध्ये आपण सर्वांनी पाणबुडीचे शिक्षण घेतले, तिचे नाव ज्या राजघराण्यावरून आले त्याची राजधानी आपल्या पैठणला होती, आणि त्या घराण्याच्या काही नाण्यांवर शिडाचे जहाज कोरलेले आहे. मराठवाड्याचा समुद्राशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर पुरेसे आहे.

नांदेडची लेक

काका, मी सबमरीनरची मुलगी आहे. बाबा आता नाहीत. आपण सर्वांनी चर्चा मांडली आहे ती निवृत्त नौसैनिकांची. माझी विनंती आहे की पहिल्याच निमंत्रणात घरच्या मंडळींना, आणि विशेषतः ज्यांचे पती वारले आहेत अशा वहिनींना, नावानिशी बोलवावे. 'सहकुटुंब यावे' असे मोघम लिहिले तर त्या येणार नाहीत, कारण ज्याच्यामुळे बोलावणे आले तोच माणूस राहिलेला नाही, मग आपण कशाला जायचे, असे त्यांना वाटते.

बाबा बोटीवर असताना आमच्याकडे त्यांचा पत्ता म्हणजे फ्लीट मेल ऑफिस, मुंबई एवढाच असायचा. ते कोठे आहेत, किती दिवसांनी येतील, हे आईला माहीत नसे आणि तिने विचारायचेही नसे. सुट्टीवर आले की त्यांची ट्रंक आधी अंगणात उघडली जाई. डिझेलचा वास कपड्यांत इतका मुरलेला असे की आई ते दोनदा सोड्याच्या गरम पाण्यात भिजवी, तरीही ते घरच्या कपड्यांच्या घडीत ठेवत नसे. बाबा पहिले काही दिवस अंघोळीला तांब्याभरच पाणी घेत, कारण फॉक्सट्रॉटवर गोडे पाणी मोजून मिळे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा माझ्या सासरी पाण्याच्या घागरी मोजून वापराव्या लागल्या, आणि ती शिस्त आईने मला लहानपणीच लावलेली होती. या गोष्टी आईने कधी कोणाला सांगितल्या नाहीत. तिला कोणी विचारलेच नाही. तुमच्या मेळाव्यात तासभर वेळ बायकांच्या बोलण्यासाठी ठेवला तर तुमच्या नोकरीचा जो अर्धा भाग तुम्ही पाहिलाच नाही, तो तुम्हाला ऐकायला मिळेल.

दुसरे काम पेन्शनचे. निवृत्तिवेतन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेवर गेल्यापासून वयस्क वहिनींना फार त्रास होतो. दरवर्षीचे जीवन प्रमाणपत्र, बोटांचे ठसे न जुळणे, आधारवरील नाव आणि सेवापुस्तकातील नाव यांत एका अक्षराचा फरक असणे, यांपैकी कशानेही पेन्शन अडते, आणि घरात तरुण माणूस नसेल तर त्या महिनोन्महिने हेलपाटे घालत राहतात. ज्यांना संगणक येतो अशा दोघा-तिघांनी जिल्हे वाटून घेऊन वर्षातून एकदा प्रत्येकीच्या घरी जाऊन हे काम करून दिले, तर यापेक्षा मोठी समाजसेवा मला तरी सुचत नाही.

अंबाजोगाईकर

मी नौदलातला नाही, न्यासांच्या हिशोबाचे काम करतो, म्हणून फक्त नोंदणीपुरते लिहितो. वर्षातून दोनदा भेटायचे, खर्च आपसांत वाटून घ्यायचा, एवढेच असेल तर नोंदणीची गरज नाही. मात्र बाहेरच्या लोकांकडून देणगी घ्यायची किंवा संस्थेच्या नावे बँकेत खाते काढायचे असेल तर संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 यांखाली नोंदणी करून घ्यावी. त्यासाठी किमान सात सभासद लागतात आणि अर्ज जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण होते, आणि विश्वस्त बदलला, मग तो राजीनाम्याने असो की निधनाने, तर 90 दिवसांच्या आत फेरफार अहवाल द्यावा लागतो. वयोवृद्ध सभासदांच्या संस्था नेमक्या इथेच अडकतात. निधन झालेल्यांची नावे वर्षानुवर्षे विश्वस्त म्हणून राहतात आणि मग कोणाच्याही सहीने बँकेचा व्यवहार होत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे नोंदणीविना चालवावी आणि नंतर चाळिशी-पन्नाशीतले, नुकतेच निवृत्त झालेले सभासद विश्वस्त म्हणून घेऊन नोंदणी करावी, असा माझा सल्ला आहे.

जालनेकर

परभणीकर सर, नोकरीत शिकलेल्या गोष्टीचा उपयोग होईल असे काम आपण विचारले आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

पाणबुडीवरचा माणूस पहिल्या दिवसापासून हवेला घाबरायला शिकतो. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन साठतो, बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर क्लोरीन तयार होतो, आणि खोलवर असताना श्वासागणिक कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. डोळ्यांना यांतले काही दिसत नाही. म्हणून आपण यंत्राने मोजल्याशिवाय बंद विभागात पाय ठेवत नव्हतो. आता आपल्या भागातील विहिरींकडे पाहा. चैत्र-वैशाखात गाळ काढायला माणसे सहा-सात परस खोल विहिरीत उतरतात. पाणी उपसण्यासाठी डिझेल इंजिन आतल्या टप्प्यावर ठेवतात आणि त्याचा धूर तिथेच कोंडतो. नव्या विहिरीत सुरुंग उडवल्यावर वायू निघून जाण्याआधीच यारीच्या, म्हणजे विहिरीतला गाळ-दगड वर ओढणाऱ्या यंत्राच्या, टोपल्यात बसून माणूस खाली जातो. एक जण कोसळला की त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाच्या मागे चुलता उतरतो, आणि एकाच घरातली माणसे जातात. मैल्याच्या टाकीत तेच होते. मे 2023 मध्ये आपल्या परभणी जिल्ह्यातच, सोनपेठ तालुक्यात, अशी टाकी साफ करताना पाच कामगार गेले.

गावात लोक कंदील सोडून पाहतात. विझला तर उतरत नाहीत, आणि ही सवय चांगलीच आहे. पण हवेत एरवी सुमारे 21 टक्के असणारा ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत ज्योत तग धरते, आणि इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील जळतच राहतो. मैल्याच्या टाकीत तर ज्योत नेणेच धोक्याचे, कारण तिथे मिथेन असतो. तिथला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते.

ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू असे चारही एकत्र मोजणारे, मुठीत मावणारे यंत्र बाजारात मिळते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावात, ज्या विहिरीत आदल्या संध्याकाळपर्यंत इंजिन चालू होते, तिथे मी ते चऱ्हाटाला बांधून सोडले. कंदील शेजारीच सोडला होता. तळाशी पाणी दिसू लागले, कंदील शांतपणे जळत होता, आणि यंत्र भोंगा देऊ लागले. काठावर बसलेले यारीवाले एकमेकांकडे पाहू लागले. त्यानंतर मला फार समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी इंजिन वर काढले आणि दुसऱ्या दिवशी हवा खेळती करून पुन्हा मोजल्यावरच माणूस उतरवला, तोही कमरेला दोर बांधून आणि वर दोघे दोर धरून.

हे काम आपल्यासारख्यांनीच करावे असे मला मनापासून वाटते. प्रत्येक जिल्ह्यात एक यंत्र, ते वापरणारे दोन सबमरीनर, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रामसभांमधून तासाभराचे प्रात्यक्षिक, एवढेच लागेल. कोसळलेल्या माणसामागे दोर आणि श्वसनयंत्र नसताना कोणीही उतरू नये, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अवघड सांगणे आहे, कारण आत पडलेला माणूस सख्खा असतो. मात्र मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे मोजायला जाऊ नये, काम थांबवून नगरपालिकेला यंत्राची गाडी पाठवायला सांगावे.

संभाजीनगरचे गुरुजी

शाळेच्या वतीने एक विनंती. आपल्यापैकी कोणी विद्यार्थ्यांशी बोलायला यावे. नोकरीतील गोपनीय गोष्टी सांगता येत नाहीत याची मला कल्पना आहे, परंतु उघड माहितीही थोडी नाही. 1679 साली शिवाजी महाराजांनी ज्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला त्याचेच नाव 2019 मध्ये दाखल झालेल्या पाणबुडीला आहे, एवढ्यावरूनही मुले प्रश्न विचारू लागतात. सहल काढायची झाली तर 2001 मध्ये निवृत्त झालेली आयएनएस कुरसुरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे आणि नांदेडहून तिकडे थेट रेल्वेगाडी जाते. बरोबर आपल्यातील एखादे काका असतील तर मुलांना ती बोट वेगळीच दिसेल.

परभणीकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. उदगीरकरांचे म्हणणे पटले, तेव्हा 8 डिसेंबरला परभणीत मेळावा आणि 14 ऑगस्टला नामवाचन, असे ठरवू. नावांची यादी उदगीरकरांनी करावी. हुद्दे आणि गावे तपासण्यासाठी ती ज्येष्ठांकडे एकदा फिरवू, कारण तिथे एका अक्षराचीही चूक होता कामा नये. ताई, आपल्या आईंना निमंत्रण द्यायला मी आणि माझी पत्नी नांदेडला स्वतः येऊ, आणि बायकांच्या बोलण्याचा तास जेवणाआधीच ठेवू, म्हणजे कोणी लवकर उठून जाणार नाही. पेन्शनच्या कामासाठी नांदेड आणि हिंगोली मी घेतो, बाकीच्या जिल्ह्यांसाठी नावे कळवावीत. नोंदणी तूर्त नाही. गुरुजी, शाळेची तारीख जानेवारीत ठरवू.

जालनेकर, आपले यंत्र मेळाव्याला घेऊन या. माझ्या मेहुण्याच्या शेतात विहिरीचे काम सुरू व्हायचे आहे. जेवणानंतर सर्वांनी तिकडे जाऊ आणि यंत्र कसे वापरायचे ते तिथेच शिकून घेऊ.