शेवटच्या तीन सामन्यांत हुकमाचा एक्का कधी टाकू, शनिवारी की रविवारी?

भांडुपकर

मंडळी, घाईत विचारतोय. उद्या सकाळी साडेसहाच्या आत फाइल अपलोड करायची आहे.

आम्ही ‘आउट ऑफ द पार्क’ या कॉम्प्युटर गेमवर बेसबॉलची ऑनलाइन लीग खेळतो. खेळाडू कॉम्प्युटरचे, मॅनेजर माणसं. कमिशनर अमेरिकेत असतो, न्यूयॉर्कच्या रात्री नऊला सिम (कॉम्प्युटरवर सामने) चालवतो, म्हणजे सध्या आपल्याकडे सकाळचे साडेसहा. सामना सुरू झाला की आपल्या हातात काही नाही. लाइनअप (बॅटिंगची यादी), पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांचा, क्रम, कोणाला किती लवकर काढायचं, सगळं आधी ठरवून पाठवायचं आणि लोकलमध्ये चढलं की बॉक्स स्कोअर (निकालाचा तक्ता) उघडायचा. शेवटची मालिका म्हणून आता रोज एकच दिवस सिम होणार आहे.

१६२ पैकी १५९ सामने झाले. डिव्हिजनमध्ये, म्हणजे आमच्या गटात, पहिला माझा मावसभाऊ, मुलुंडचा दादा. मी एका विजयाने मागे. उरलेले तिन्ही सामने आमच्या दोघांतच, त्याच्या मैदानावर. हा खेळ मला दादानेच शिकवला. लॉकडाऊनमध्ये तासन्‌तास फोनवर बसून एकेक स्क्रीन समजावली होती त्याने. म्हणून मला हे जिंकायचंच आहे, आणि नीट खेळून जिंकायचंय.

लीगला २०२३ चे नियम आहेत. डिव्हिजनमधल्या संघाशी १९ नव्हे, १३ सामने. आमचे दहा झाले, पाच-पाच. बरोबरी झाली तर जादा सामना नाही, तो २०२२ पासून बंद झाला. आपसातल्या सामन्यांत जो पुढे, डिव्हिजन त्याची. म्हणजे तीनपैकी दोन जिंकले तर मी, नाहीतर दादा. वाइल्ड कार्डच्या जागा (डिव्हिजन न जिंकताही प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जायच्या) बाकीच्या डिव्हिजनवाल्यांनी आधीच नेल्यात, त्यामुळे हरणारा सरळ घरी.

माझा एक्का, म्हणजे सगळ्यात चांगला पिचर, डावखुरा आहे. चार सीझनपूर्वी ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या) अकराव्या फेरीत घेतला तेव्हा त्याला कंट्रोल नावालाही नव्हता. “कशाला घेतोस रे हा?” असं दादा म्हणाला होता. मी त्याला मायनरमध्ये (खालच्या लीगमध्ये) दोन सीझन ठेवून तयार केला. मंगळवारी त्याने १०८ पिच टाकले. बुधवारी नंबर दोनचा पिचर खेळला, गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी नंबर तीन ठरलेला. आता एक्का शनिवारी आणला तर तीनच दिवसांची विश्रांती, रविवारी आणला तर नेहमीची चार. पण शुक्रवार-शनिवार दोन्ही हरलो तर रविवारी एक्का हातात राहून उपयोग काय? डोकं पार भंजाळलंय. तुम्ही काय कराल?

गिरगावकर

रविवारी. “एक्का वाया जाईल” ही भीती मनातून काढून टाका, मी सांगतो कसं.

तीनपैकी दोन जिंकायचेत. समजा निकाल लागला तरी तिन्ही सामने खेळवले. मग कुठला पिचर कुठल्या दिवशी आला याने काहीच फरक पडत नाही. तिघांची मिळून शक्यता तेवढीच राहते. पहिले दोन हरलात आणि एक्का बसून राहिला, हे जसं होऊ शकतं, तसंच एक्का शनिवारी जिंकून रविवारी चौथ्या नंबरवाल्याने घालवली, हेही होऊ शकतं. क्रम बदलून एक भोक बुजवलं की दुसरं उघडतं.

फरक पडतो तो फक्त दमण्याने. माझा अंदाज धरा: शुक्रवारी ४८ टक्के, चौथा नंबर ४५, ताजा एक्का ६२. मालिका जिंकायची शक्यता साधारण ५२ टक्के येते. तोच एक्का तीन दिवसांच्या विश्रांतीवर ५५ चा धरला, तर ४९. आकडे तुमचे घाला, दिशा बदलणार नाही. १०८ पिचनंतर या गेममध्ये थकवा पुरता उतरलेला नसतो, वर दुखापतीचा धोका. शिवाय पहिले दोन जिंकलात तर रविवारी त्याला हात लावायचा नाही. प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला ताजातवाना.

परळवाला

मी उलटं सांगेन. गणित बरोबर असेल, पण शनिवारचा सामना असा आहे की शुक्रवारी काहीही होवो, तो महत्त्वाचाच. रविवार येईल की नाही कोणाला माहीत? मी एकदा असाच एक्का राखून ठेवला आणि सीझन संपला तेव्हा तो बेंचवर होता. ती रुखरुख अजून आहे. घालून मोकळे व्हा.

ठाणेकर

एक्क्यापेक्षा मला शनिवारची काळजी वाटते. दादांचं मैदान कसं आहे? त्यांच्या लाइनअपमध्ये डावखुरे किती? आणि तुमचा चौथा कसला पिचर आहे?

भांडुपकर

मैदान यांकी स्टेडियमसारखं, उजव्या कोपऱ्याची भिंत ३१४ फुटांवर. दादाचे नऊपैकी सहा बॅटर डावखुरे, त्या भिंतीसाठीच गोळा केलेत त्याने. माझा चौथा उजव्या हाताचा, आणि त्याच्यावर बॉल उंच उडतात.

ठाणेकर

मग तो तिथे नकोच! डावखुऱ्याने उजवीकडे ओढून मारलेला उंच बॉल तिथे प्रेक्षकांत जातो. तुमचा पाचवा कोण? डावखुरा असेल तर शनिवारी त्यालाच उतरवा, डावखुऱ्या बॅटरना डावखुरा पिचर जड जातो, रेटिंग थोडं कमी असलं तरी चालेल. सोमवारी खेळला असेल तर त्याचीही चार दिवस विश्रांती होते.

बुलपेनमधला (राखीव पिचरांतला) डावखुरा नंतर आणू, असं म्हणू नका. २०२० पासून रिलीव्हरला (मध्येच येणाऱ्या पिचरला) किमान तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं. एका माणसापुरता आणून काढता येत नाही. एक मात्र बघा: समोर डावखुरा पिचर दिसला की दादा दुसरी लाइनअप उतरवणार. त्यांच्या बेंचवर उजवे कोण आहेत?

भांडुपकर

आत्ता बघितलं. दोनच उजवे, त्यातला एक जखमी यादीत. आणि हो, पाचवा डावखुराच आहे, सोमवारी खेळलाय. परळवाले, तुमची रुखरुख कळते, पण गिरगावकरांचं गणित मी वहीत तीनदा मांडलं, दर वेळी तेच येतंय. शनिवारी पाचवा, रविवारी एक्का. फाइल पाठवली.

भांडुपकर (तीन दिवसांनी)

शुक्रवार हरलो, ६-४. त्या दिवशी ऑफिसात लक्षच नव्हतं. परत गाडीत बसल्यावर एक्क्याला शनिवारी आणायचा मोह झाला, फाइल उघडलीही होती. नाही बदललं.

शनिवारी पाचव्याने पाच इनिंग टाकल्या, फक्त ७१ पिच. त्याला लवकर काढायची सेटिंग लावली होती, तिसऱ्यांदा तेच बॅटर समोर नकोत म्हणून. ३-२ ने पुढे असताना आठव्या इनिंगमध्ये दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, समोर दादाचा सगळ्यात मोठा डावखुरा. मी सामन्याचा लॉग एकेक ओळ करून पुढे नेत होतो. कांजूरमार्ग गेलं, विक्रोळी आलं. बॉल उजवीकडे खोल. पुढची ओळ उघडायला अंगठा उचलेना. उजव्या फील्डरने भिंतीला टेकून झेल घेतला होता. माझ्या रिलीव्हरचा डावा हात तिथे कामी आला.

आज रविवार. एक्का, सात इनिंग, नऊ स्ट्राइकआउट, एक रन. ४-१. डिव्हिजन माझी!

कुर्ल्याला दादाचा फोन आला. गर्दीत कसाबसा कानाला लावला. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “अकराव्या फेरीतला ना रे तो?” मी म्हटलं, हो दादा. “चांगला घडवलास.” माझा आवाजच फुटेना.

ठाणेकर, गिरगावकर, मनापासून आभार. डिव्हिजन जिंकणाऱ्यांत मी तिसरा, म्हणून बाय (पहिली फेरी न खेळता पुढे जाणं) नाही; मंगळवारपासून वाइल्ड कार्डचे तीन सामने, पण सगळे माझ्या मैदानावर. मंगळवारी नंबर दोन, गेल्या बुधवारपासून बसलेला. बुधवारी नंबर तीन. गुरुवारची वेळ आली तर चौथा, माझ्या मैदानाची उजवी बाजू खोल आहे, तिथे त्याचे उंच बॉल झेलले जातात. एक्क्याला गुरुवारपर्यंत तीनच दिवस मिळतात, म्हणून त्याला या वेळी विश्रांती.