बाभळीवरची ती बुरशी लुसिडमच कशावरून?

इथल्या एका प्रतिसादात बाभळीच्या बुंध्यावरची चकचकीत बुरशी फोटोवरून 'गॅनोडर्मा लुसिडम' ठरवली आहे. मला ते पटत नाही. सोलापुरात आमच्या बांधावरच्या बाभळीवरही पावसाळ्यात अशीच येते: वरून व्हार्निश फासल्यासारखी, खालून पांढरी. नखाने ओरखडलं की तिथे तपकिरी रेघ उमटते, खालच्या पाल्यावर कोकोसारखी बीजाणूंची भुकटी साचते. एवढ्यावरून 'गॅनोडर्मा' हा गट म्हणता येईल, 'लुसिडम' हे पुढचं, नेमक्या जातीचं नाव नाही.

'लुसिडम' हे नाव १७८१ साली इंग्लंडमधल्या नमुन्यावरून दिलेलं. पुढे आशियातल्या प्रत्येक चकचकीत बुरशीला तेच चिकटवलं गेलं. डीएनए तपासल्यावर चीनची औषधी लिंगझीसुद्धा वेगळी जात निघाली!

म्हणून थोडा नमुना सावलीत वाळवून ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली दुहेरी भिंतीचे बीजाणू दिसतात का पाहा, मग आयटीएस हा डीएनएचा तुकडा वाचून घ्या. जवळच्या जातींत तोही कधी कमी पडतो, तेव्हा आणखी जनुकं लागतात. आणि झाड कोणतं, लाकूड पांढरं तंतुमय कुजलंय की तपकिरी चौकोनी ढेकळांत फुटतंय, हे तिथेच उभं राहून लिहा. वाळलेल्या तुकड्यावरून ते नंतर कळत नाही.