तळपायावरचा तीळ दिवसातून दहादा बघणं कसं थांबवायचं?

विटेकर34
डाव्या टाचेच्या पुढे तपकिरी तीळ आहे, मसुरीच्या दाण्याहून लहान. दर वेळी मोबाईलच्या टॉर्चने बघितला की कालच्यापेक्षा मोठा वाटतो. नेटवरचे सगळे फोटो गोऱ्या कातडीचे. आपल्या रंगात नेमकं काय बघायचं, किती दिवसांनी, आणि सांगली-मिरजेत काय तपासून घ्यायचं?

कृष्णाकाठ
आपल्याकडे मेलानोमा (तिळासारखा दिसणारा त्वचेचा कर्करोग) मुळात विरळ. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली, म्हणजे उन्हाशी फारसा संबंध नसलेल्या जागी. त्यामुळे सनस्क्रीनने हा प्रश्न सुटत नाही. दोन्ही अर्धे सारखे आहेत का, कड फाटकी आहे का, एकाच तिळात काळा-निळसर-लाल असे रंग मिसळलेत का, आकार 6 मिमीपुढे गेलाय का, ते बघा. सगळ्यांत वजन बदलाला. टॉर्चचा कोन बदलला तरी तीळ वेगळा दिसतो, म्हणून आठवणीवर जाऊ नका. पाय धुऊन पुसा (शेतातली माती, मेंदी, हळद फसवतात), दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद, शेजारी मिमीची पट्टी टेकवून एक फोटो जवळून, एक लांबून. महिन्याच्या 1 तारखेला एकदाच. आधी मात्र डॉक्टरांना दाखवून घ्या.

दंडोबा_पायवाट
दाखवताना 'डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने) बघता का?' असं सरळ विचारा. तळपायाला नुसत्या डोळ्यांनी बघणं अपुरं. तळव्याच्या कातडीला बोटाच्या ठशासारख्या रेषा असतात. रंग खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर पट्ट्यांनी असेल तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. आणि दादा, तीळ लेझरने किंवा कॉटरीने जाळून घेऊ नका, तपासायला तुकडाच उरत नाही. संशय असेल तर अख्खा तीळ भोवतीच्या साधारण 2 मिमी कातडीसकट काढून फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला जायला हवा. चुना-सोडा, केसाने बांधणं तर नकोच. लोक कुरूप समजून महिनोन्महिने कॉर्न कॅप लावतात, वेळ तिथेच जातो. चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर उठलेली गाठही दाखवा.

विटेकर34
अंगठ्याच्या नखाखाली काळा डागही आहे. ठेच लागली असेल, आठवत नाही.

कृष्णाकाठ
डागाची मागची कड आणि नखाचं मूळ यांतलं अंतर पट्टीने मोजून लिहा. रक्त साकळलं असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं, पायाच्या नखाला महिन्याला दीड मिमीच्या आसपास. दोन महिन्यांत जागचं हललं नाही, एकाच नखावर पट्टा रुंद होत गेला किंवा काळेपणा नखामागच्या कातडीवर उतरला, तर लगेच डॉक्टरकडे जा. अनेक नखांवर सारख्या बारीक रेषा आपल्या कातडीत सर्रास असतात.

सदाशिवगड_सकाळ
बघण्याची सवय वेगळी धरा. बघावंसं वाटलं की वेळ कागदावर लिहा, 15 मिनिटं थांबा. पुढच्या आठवड्यात 30. 'जरा बघ गं, मोठा झालाय का?' असं घरी विचारणं हेही तपासणंच, तेही मोजा. नखाने खाजवणं, दाबून बघणं बंद, त्यानेच तीळ लाल होतो आणि भीती वाढते. डर्मोस्कोपीत साधा निघाल्यावरही रोज तासभर यातच जात असेल, तर 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.