काळ्या विनोदाला कावळा शिवत नाही; काय करावे?

निशाचर

नमस्कार मंडळी. विनोद लिहिणाऱ्यांच्या आणि वाचणाऱ्यांच्या एका मोठ्या मराठी समूहात मी नियमित लिहितो. नवरा-बायको, पुणेरी पाट्या आणि सासुरवाडी यांवर काहीही लिहिले तरी तेथे हसणाऱ्यांची वाण नसते. मात्र मरण, आजारपण किंवा कर्जबाजारीपणा यांकडे लेखणी वळली की अर्धे लोक मौन पाळतात आणि उरलेले 'असल्या विषयावर विनोद सुचतो तरी कसा?' असे विचारतात. मराठी वाचकाला हा काळ्या विनोदाचा प्रकार मुळात मानवतच नाही, असे तेथील काही जुन्या सभासदांचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण दहाव्याला घाटावर बसून मंडळी एकमेकांच्या कानात काय बोलतात, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे.

लिहून ठेवलेला, पण अजून न टाकलेला एक विनोद उदाहरणादाखल देतो.

'शीर्षक: आबांच्या मोबाइलचे गुपित. आमच्या शेजारच्या गावात एक आबा होते. ते वारले. दहाव्याला सगळे नातेवाईक जमले, पण कावळा पिंडाला शिवेना. धाकटा मुलगा म्हणाला, "आबा, जमिनीचे तीन समान वाटे करू." तरी कावळा शिवेना. मधला म्हणाला, "आबा, आईला कधी अंतर देणार नाही." तरी कावळा शिवेना. तेव्हा थोरला म्हणाला, "आबा, तुमचा मोबाइल कोणीही उघडून बघणार नाही, तसाच फॉरमॅट करू." हे ऐकताच कावळ्यांचा थवा खाली उतरला, कारण आबांची तीच इच्छा राहिली होती.'

काही विषय सरळ वर्ज्य मानावेत, की कोणत्याही विषयावर लिहिता येते आणि सारे कौशल्य मांडणीत असते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाकडी_लेखणी

आपला विनोद चांगला आहे, पण आपण त्याला दोनदा मारले आहे, एकदा शीर्षकात आणि एकदा शेवटच्या वाक्यात. समूहात वाचकाला सर्वांत आधी शीर्षक दिसते. तेथेच 'मोबाइल' आणि 'गुपित' हे दोन्ही शब्द वाचल्यावर थोरल्या मुलाने तोंड उघडण्याआधीच उत्तर कळलेले असते. शिवाय इच्छा अपुरी राहिली की कावळा शिवत नाही, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. जे त्याला ठाऊक आहे ते त्यालाच समजावून सांगितले की तो हसण्याऐवजी मान डोलावतो. माझ्या मते तो असा असावा:

'दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना.
धाकटा म्हणाला, "आबा, जमिनीचे तीन समान वाटे करू." शिवेना.
मधला म्हणाला, "आबा, आईला अंतर देणार नाही." शिवेना.
थोरला म्हणाला, "आबा, तुमचा मोबाइल न उघडता फॉरमॅट करतो."
थवा उतरला.'

आता वर्ज्य विषयांबद्दल. मी विषयांची यादी करत नाही. बाण कोणाला लागतो एवढेच पाहतो. वरच्या विनोदात मरण हे केवळ स्थळ आहे. कोणाच्याही दुःखाची टर उडवलेली नाही, आणि ज्या आबांवर हसायचे त्यांच्या जागी प्रत्येक वाचक गुपचूप स्वतःला बसवून पाहतो.

याहून कितीतरी अवघड विषय घेऊ. महाराष्ट्रात शेतकऱ्याने आत्महत्या केल्यास कुटुंबाला १ लाख रुपयांची शासकीय मदत मिळते. परंतु त्याआधी ते प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जाते आणि कर्ज कोणाच्या नावावर होते, कोणत्या संस्थेचे होते, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरवले जाते. या विषयावर जो विनोद मेलेल्या माणसाच्या भित्रेपणावर किंवा दारूवर बेतलेला असतो, तो कितीही नेटका लिहिला तरी मला किळसवाणा वाटतो, आणि तो फसलाच पाहिजे. याच विषयावर पुढील ओळी मात्र मी निःसंकोचपणे टाकीन:

'मदतीच्या अर्जातला शेवटचा रकाना: मृत व्यक्तीने यापूर्वी या योजनेचा लाभ घेतला आहे काय? असल्यास तपशील द्यावा.'

येथे हसू अर्ज तयार करणाऱ्या टेबलावर येते. ज्याच्या घरात हे घडले आहे त्याला कदाचित हसू येणार नाही, पण त्याचा राग आपल्यावर न येता त्या रकान्यावर जाईल, अशी शक्यता तरी राहते.

सरळमार्गी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण त्यात काळाचा विचार राहिला. पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन या अभ्यासकांनी २०१० साली अशी मांडणी केली की काहीतरी चुकीचे, अनुचित घडले आहे आणि तरीही ते निरुपद्रवी आहे, असे दोन्ही एकाच वेळी वाटले तर माणूस हसतो. पुढे मॅग्रॉ आणि सहकाऱ्यांनी २०१२च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदळलेल्या सँडी चक्रीवादळावरचे विनोद वादळाच्या सुमारास आणि नंतरचे काही महिने टप्प्याटप्प्याने लोकांना दाखवले. हानीचे स्वरूप कळल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ते विनोद सर्वांत कमी गमतीचे वाटले. महिनाभरानंतर त्यांची गंमत शिगेला पोहोचली आणि तीन महिन्यांनी ती पुन्हा ओसरली. म्हणजे फार लवकर लिहिले तर ते जिव्हारी लागते, आणि फार उशीर केला तर तो विषय कोणाचाच राहत नाही.

आपल्याकडचे पाहा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि तरीही लोकलमधील जीवघेण्या गर्दीवरचे विनोद रोज, त्याच गर्दीत लोंबकळणारे लोक एकमेकांना पाठवतात. पण एखादा विशिष्ट अपघात घडून त्यातील मृतांची नावे वर्तमानपत्रात आली की त्या दिवशी तोच विनोद कोणीही टाकू नये.

गिल्बर्ट गॉटफ्रिड या अमेरिकी विनोदवीराने ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांत, तेही न्यूयॉर्कमध्येच, व्यासपीठावरून सांगितले की त्याला कॅलिफोर्नियाचे थेट विमान मिळाले नाही, ते म्हणे एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबा घेऊन जाते. सभागृहातून 'फार लवकर!' असा ओरडा झाला. त्याने ना खुलासा केला ना वाद घातला. तो तडक एका जुन्या, कमालीच्या चावट किश्शाकडे वळला आणि तेच प्रेक्षक हसून लोळू लागले. फसलेल्या विनोदाखाली दहा ओळींचे स्पष्टीकरण लिहिणाऱ्या आपल्याकडील लेखकांनी हे जरूर लक्षात घ्यावे. काही जण तर व्हिएन्नामधील २०१७ सालच्या एका अभ्यासाची बातमी वाचकांच्या तोंडावर फेकतात. त्या अभ्यासात १५६ जणांना १२ काळी व्यंगचित्रे दाखवली होती, आणि ज्यांना ती उत्तम कळली व आवडली त्यांची बुद्धिमत्ता चाचण्यांत अधिक भरली होती. त्यावरून जो हसला नाही तो मंदबुद्धी ठरत नाही. त्याच गटाची आक्रमकता कमी आढळली होती, हे मात्र ही मंडळी सोयीस्करपणे विसरतात.

रात्रपाळी

मी अधिपरिचारिका आहे, त्यामुळे 'महिनाभर थांबा' हा हिशेब मला अपुरा वाटतो. आमच्याकडे वॉर्डातला विनोद त्याच तासाला होतो आणि तो क्रूर नसतो, कारण बोलणारी आणि ऐकणारी दोघीही त्याच पाळीत राबत असतात. तोच विनोद रुग्णाच्या नातेवाइकाच्या कानावर गेला तर मात्र तो अक्षम्य ठरेल. अंतर जसे काळाचे असते तसे ते बोलणारा कोण आहे याचेही असते.

मनोविश्लेषक फ्रॉइडने १९२७ सालच्या विनोदावरील निबंधात फाशीच्या कैद्याचे उदाहरण दिले आहे. सोमवारी सकाळी फाशीकडे नेले जात असताना तो म्हणतो, 'आठवड्याची सुरुवात तर झकास झाली.' हेच वाक्य जल्लादाच्या तोंडी घालून पाहा. शब्द तेच राहतात, पण हसू येत नाही.

समूहात अडचण अशी असते की आपण कैदी आहात की जल्लाद हे वाचकाला ठाऊक नसते, आणि शंका आली की तो जल्लादच समजतो. म्हणून शेवटचे वाक्य शक्यतो त्याच माणसाला द्यावे ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे. माझा एक नमुना:

'केमोथेरपीत आजींचे सगळे केस गेले. सून म्हणाली, "आई, विग आणू या का?" आजी म्हणाल्या, "मुळीच नको. चाळीस वर्षे आमटीत केस निघाला की माझेच नाव यायचे. आता निघू दे, मग बघते."'

हेच सुनेने म्हटले असते तर आपण तिला कधीच क्षमा केली नसती.

वाकडी_लेखणी

रात्रपाळीताई, हा मुद्दा माझ्या 'बाण कोणाला लागतो' या कसोटीपेक्षा अधिक उपयोगाचा आहे, हे मान्य करतो. मराठी वाचकाला काळा विनोद मानवत नाही, या मताबद्दल मात्र बोलायलाच हवे. सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' १९७४ साली रंगभूमीवर आले. त्यात मेलेला गृहस्थ स्वतःच बोलतो आणि आपले दहन बंद झालेल्या जुन्या स्मशानातच व्हावे असा हट्ट धरतो, आणि हे सारे कीर्तनाच्या ढंगात चालते. तेथेही मुख्य बोलणारा मृतच आहे, म्हणजे ताईंचा नियम तेथेही लागू पडतो. मराठी प्रेक्षकाने ते डोक्यावर घेतले, तेव्हा दोष वाचकाच्या पचनशक्तीचा नाही.

निशाचर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. कायद्याची भीती कितपत बाळगावी? आणि विनोदाच्या आधी 'काळा विनोद' अशी सूचना द्यावी का? सूचना दिली की निम्मी गंमत जाते, असा माझा समज आहे.

आडवा_तिडवा

कायद्याबद्दल थोडक्यात. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, म्हणून सर्व मोकळे झाले असे अनेकांना वाटते. परंतु १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर वाढवण्याबद्दल कलम १९६ आणि जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल कलम २९९ आहे. शेवटी सुटका झाली तरी पोलीस ठाण्याच्या फेऱ्या कोणी माफ करत नाही. त्यामुळे जात, धर्म आणि खऱ्या खासगी व्यक्तीचे नाव या तीन गोष्टी विनोदाबाहेर ठेवाव्यात. त्यांच्यावाचून अडणारा चांगला काळा विनोद माझ्या वाचनात तरी नाही.

सूचनेने गंमत जाते हे मला मान्य नाही. जाते ती सूचनेत विषय फोडल्यामुळे. शीर्षकाआधी नुसते 'काळा' एवढे लिहावे. 'काळा, कर्करोग' असे लिहिल्यास आजींचे केस जाण्याआधीच वाचक सावध होतो. आत्महत्येच्या बाबतीत मात्र मी हा नियम मोडतो: तेथे विषय आधीच स्पष्ट लिहितो, पद्धतीचा उल्लेख पूर्णपणे टाळतो, आणि त्यामुळे विनोद पडला तर पडू देतो.